काचेच्या टाकीला भोक : कोठे पाडावे, कसे पाडावे

जोडधंद्याच्या चार गोष्टी



खताबियाण्यांच्या आणि कीडरोगांच्या गोष्टी या सदरात नेहमीच होतात. आज जरा निराळा विषय घेतला आहे. शोभेच्या माशांचा जोडधंदा करणारी कुटुंबे आता खेडोपाडी दिसू लागली आहेत. पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या शेडमध्ये काचेच्या टाक्या मांडून गप्पी, मोली, प्लॅटी, गोल्डफिश असे मासे वाढवायचे आणि शहरातल्या दुकानदाराला द्यायचे, असे या धंद्याचे स्वरूप आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनाचाही समावेश होता. त्यामुळे बऱ्याच जणांना, विशेषतः महिला बचत गटांना, या धंद्याची ओळख झाली.

अशा घरांतून एक प्रश्न वारंवार येतो. "टाकीला भोक पाडून पाइप बसवावा म्हणतो. पण काच फुटेल का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात टाकीची किंमत गुंतलेली असते आणि टाकीतले मासेही गुंतलेले असतात. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

भोक हवेच कशाला?

माशांच्या टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी चौथा हिस्सा बदलावे लागते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा बाधतो. आता हिशेब करा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी वरून इंचभर मोकळी ठेवून भरली, तर तिच्यात सुमारे १८० लिटर पाणी मावते. त्याचा चौथा हिस्सा ४५ लिटर. अशा १२ टाक्या असल्या तर दर आठवड्याला ५४० लिटर पाणी काढायचे आणि तितकेच भरायचे. १५ लिटरच्या बादल्या मोजल्या तर ३६ बादल्या बाहेर आणि ३६ बादल्या आत. हे पाणी वाहते कोण? घरची सून किंवा सासूबाई. शेतातले काम, गुरांचे काम, चुलीचे काम करून वर या ७२ बादल्या! कितीतरी घरी हा धंदा माशांच्या रोगाने मोडत नाही, कंबरदुखीने मोडतो.

टाकीला नीट जागी भोक आणि पाइप असला, तर बाहेर काढायचे पाणी आपोआप जाते. तेच पाणी पाइपाने परसातल्या वांग्या-मिरचीच्या वाफ्यात सोडता येते. माशांच्या विष्ठेमुळे त्यात नत्राचा अंश असतो आणि भाजीला ते मानवते. मात्र टाकीत मीठ किंवा औषध घातले असेल त्या आठवड्यात ते पाणी भाजीला देऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांच्याकडे एक-दोनच टाक्या आहेत, त्यांनी भोकाच्या भानगडीत पडू नये. रबरी नळी पाण्याने भरून एक टोक टाकीत आणि दुसरे खाली बादलीत सोडले की पाणी आपसूक उतरते. बारा आण्याच्या कोंबडीला बारा रुपयांचा मसाला कशाला? ओळीने सात-आठ टाक्या मांडल्या असतील, तरच पुढचा मजकूर कामाचा.

आधी काच ओळखा

काच दोन प्रकारची असते, एक साधी आणि दुसरी टफन केलेली. टफन काच कारखान्यात ६०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे तिचा बाहेरचा थर आवळलेला राहतो आणि आतला थर ताणलेला राहतो. म्हणूनच ती धक्क्याला मजबूत असते. पण एकदा का ड्रिलने बाहेरचा थर भेदला, की आतला ताण एकदम सुटतो आणि अख्खी काच क्षणात खड्यांसारखी विखुरते. टफन काचेला भोक पाडण्याची कोणतीही युक्ती नाही. कारागीर कितीही हुशार असो, हत्यार कितीही भारी असो. तिला भोक हवे असेल तर ते टफन करण्यापूर्वीच पाडावे लागते.

गावाकडच्या काचवाल्याने जोडलेल्या टाक्या बहुधा साध्या काचेच्या असतात. कंपनीच्या तयार टाक्यांत मात्र काही वेळा फक्त तळाची काच टफन असते. कोपऱ्यात बारीक शिक्का आहे का, ते पाहावे. दुसरी एक परीक्षा घरी करता येते. लॅपटॉपवर पूर्ण पांढरे चित्र लावून तो काचेमागे ठेवावा आणि पुढून पोलराइज्ड गॉगलमधून पाहावे. गॉगल फिरवत पडदा काळा दिसेल तेथे थांबावे. काच टफन असेल तर तिच्यात डाग, पट्टे किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात. साधी काच असेल तर असे काही दिसत नाही. शंका राहिली तर त्या काचेला हात लावू नये. तसेच ५ मिमीपेक्षा पातळ काच, चरा पडलेली काच आणि जुन्या खिडकीची काढलेली काच यांनाही भोक पाडू नये.

सगळ्यांत सोपा मार्ग असा की, टाकी जोडायला देतानाच काचवाल्याला भोकाची जागा आणि माप कागदावर काढून द्यावे. दुकानांच्या काचेच्या दारांची कामे करणाऱ्या काचवाल्याकडे भोकाचे यंत्र असते. सुटी काच टेबलावर सपाट असते. ती फुटली तरी एकच काच जाते, टाकी जात नाही. पुढचा खटाटोप ज्यांच्या टाक्या आधीच जोडून झाल्या आहेत, त्यांच्यासाठी.

जागा निवडण्यात सारे शहाणपण

पुष्कळांचे लक्ष भोक कसे पाडावे याकडे असते. कोठे पाडावे, हा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. गवंडी पाण्याच्या टाकीला बुडाशी नळ ठेवतो, म्हणून आपणही काचेच्या टाकीला बुडाशी भोक पाडावे, असे वाटणे साहजिक आहे. पण माझ्या पाहण्यातल्या एका घरी असेच बुडाशी भोक होते. रात्री उंदराच्या धावपळीत की मांजराच्या उडीने, बाहेरचा पाइप निखळला. सकाळी टाकी कोरडी, जमीन ओली आणि पैदाशीसाठी वर्षभर जपलेल्या गोल्डफिशच्या जोड्या तळाशी मरून पडलेल्या. काचेला तडा गेला नव्हता, भोक सुबक होते, चुकली होती ती जागा.

म्हणून माझा सल्ला असा की, भोक मागच्या काचेला, पाण्याच्या पातळीपासून चौथ्या हिश्श्याइतके खाली पाडावे. दीड फूट उंच टाकीत पाणी साधारण १७ इंच असते. म्हणजे भोकाची खालची कड पाण्याच्या पातळीच्या सव्वाचार इंच खाली यावी. टाकीच्या आत त्या भोकाला एक एल्बो वरच्या दिशेला तोंड करून बसवावा. त्यात पाइपचा एक तुकडा न चिकटवता, नुसता दाबून उभा करावा. त्याचे वरचे तोंड पाण्याच्या पातळीबरोबर ठेवावे आणि त्यावर बारीक जाळी बांधावी, म्हणजे पिल्ले वाहून जाणार नाहीत.

याचे काम कसे चालते पाहा. एरवी पाणी पातळीपेक्षा वर चढले तर पाइपच्या तोंडातून निघून जाते, त्यामुळे टाकी ओसंडत नाही. पाणी बदलायच्या दिवशी आधी मासे जाळीने दुसऱ्या बाजूला हाकून घ्यावेत आणि उभा तुकडा हाताने उपटावा. त्यावरची जाळी त्याच्याबरोबर निघते, म्हणून एल्बोच्या तोंडावरही जाळीचा एक तुकडा कायम बसवून ठेवावा. वरचे पाणी आपोआप उतरते आणि एल्बोच्या तोंडाशी येऊन थांबते. माणूस विसरला, पाइप निखळला, वायसर गळला, काहीही झाले तरी तीन हिस्से पाणी टाकीत राहते आणि मासे जगतात. विसरभोळेपणालाही जागा ठेवणारी व्यवस्था ती खरी व्यवस्था. तळाशी साचलेली घाण मात्र या पाइपने निघत नाही. ती पंधरवड्यातून एकदा नळीने ओढून काढावी.

भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान भोकाच्या रुंदीइतके अंतर ठेवावे, अधिक असेल तर उत्तम. हे का, तेही समजून घ्या. तीन फूट बाय दीड फूट काचेवर भरलेल्या टाकीतले पाणी एकंदर ८५ ते ९५ किलोचा रेटा देत असते. एक माणूस दीड माणूस सतत काचेला रेलून उभा आहे असे समजा. भोकाने काच तेवढ्या जागी अशक्त होते. भोक कडेजवळ आले तर मधली अरुंद पट्टी हा रेटा सोसत नाही.

हत्यार आणि माप

लोखंडाचा किंवा लाकडाचा बिट काचेला चालत नाही. त्यासाठी हिऱ्याची कणी बसवलेला पोकळ गोल बिट मिळतो. त्याला दुकानात डायमंड होल सॉ म्हणतात. ड्रिल वेग कमी करता येणारे हवे. शक्यतो बॅटरीवर चालणारे घ्यावे, कारण हे काम पाण्यात करायचे आहे. पाणी आणि विजेची वायर यांची गाठ पडली तर काचेपेक्षा मोलाचे काही जाईल. वायरचेच ड्रिल असेल तर काम जाणकार वायरमनच्या देखरेखीखाली करावे आणि शॉक लागताच वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय करू नये.

बिट घेण्यापूर्वी टँक कनेक्टर विकत आणावा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाकीला बसवतात तोच हा. पुष्कळजण फसतात ते येथे. अर्धा इंची पाइपच्या कनेक्टरला अर्ध्या इंचाचे भोक पुरत नाही. कनेक्टरच्या बाहेरच्या आट्यांची जाडी मोजावी आणि तिच्यापेक्षा एक-दोन मिमी मोठा बिट घ्यावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे माप वेगवेगळे असते, म्हणून कनेक्टर हातात घेऊनच बिट निवडावा. मोठे भोक लहान करता येत नाही आणि लहान भोक मोठे करायला गेले तर काच जाते.

चंदन उगाळावे तसे

आता प्रत्यक्ष काम. आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. लाकडाला आपण भोक पाडतो म्हणजे लाकूड कापतो. काच कापली जात नाही, ती झिजवावी लागते. आजी सहाणेवर चंदन कसे उगाळते? पाण्याचा थेंब घालते, हलका हात ठेवते आणि घाई करत नाही. काचेला भोक पाडणे म्हणजे चंदन उगाळणे आहे. जोर लावणाऱ्याच्या हातून काच फुटते, आणि कोरडे घासणाऱ्याच्या हातूनही फुटते. उकळता चहा ओतताच जाड काचेचा पेला तडकतो, हे आपण पाहिले आहे. एक जागा तापून फुगते, शेजारची थंडच राहते आणि त्या ओढाताणीत तडा जातो. ड्रिलखाली तसेच होते. म्हणून पाणी क्षणभरही तुटता कामा नये.

टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून, भोक पाडायची काच वर येईल अशी जाड गोधडीवर आडवी ठेवावी. खाली सपाट जमीन असावी, खडा राहू देऊ नये. टाकीच्या आत, भोकाच्या बरोबर खाली, घडी केलेले पोते ठेवावे. कारण भोक पडल्यावर सुटणारी काचेची चकती दीड फूट खाली पडते आणि खालची काच फोडते. वरच्या काचेला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी. आतल्या बाजूच्या पट्टीमुळे बिट बाहेर पडताना कड कमी उडते आणि चकतीही धरून राहते.

सुरुवातीला बिट गुळगुळीत काचेवर घसरतो. त्यासाठी प्लायवूडच्या तुकड्याला त्याच बिटाच्या मापाचे भोक लाकडाच्या बिटाने पाडून तो तुकडा काचेवर चिकटपट्टीने घट्ट बसवावा. त्या भोकात बिट ठेवला की तो हलत नाही. खोबण पडली की प्लायवूड काढून टाकावे. मग भोकाभोवती मळलेल्या चिकणमातीची पाळ करावी, झाडाला आळे करतो तशी, आणि त्यात पाणी भरावे. एकाने ड्रिल धरावे, दुसऱ्याने बाटलीने पाणी घालत राहावे. ज्याच्या हाती ड्रिल त्याच्या डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि पायात बूट हवेत. मुलांना त्या वेळी अंगणात फिरकू देऊ नये.

ड्रिल सरळ उभे धरून कमी वेगाने चालवावे. ड्रिलच्या स्वतःच्या वजनाइतकाच भार पुरे, वरून दाबायचे नाही. पाणी दुधासारखे पांढरे झाले की काम नीट चालले आहे असे समजावे. ती काचेची भुकटी आहे. मधूनमधून ड्रिल उचलून गढूळ पाणी पुसून नवे घालावे. भुकटी कोरडी होऊन उडू लागली किंवा आवाज कर्कश झाला तर तत्काळ थांबावे. ८ मिमी काचेला दहा-पंधरा मिनिटे लागली तरी बिघडत नाही. शेवटचा एक मिमी सर्वांत धोक्याचा असतो. पुष्कळांची काच तेथेच जाते, कारण झाले असे वाटून हात जड पडतो. उलट तेथे हात आणखी हलका करावा, ड्रिल जवळजवळ तोलून धरावे.

भोक पडल्यावर पाण्याच्या पॉलिशपेपरने ओल्या हाताने कड घासून गुळगुळीत करावी. कडेला केसाएवढा तडा आहे का ते उजेडाकडे धरून पाहावे. असा तडा असेल तर ती टाकी पाण्याने भरू नये. तडा आज ना उद्या वाढतोच. बिटाने उडालेले अगदी बारीक टवके वायसरखाली झाकले जात असतील तर हरकत नाही. उरलेली काचभुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, झाडूने उडवू नये. ते फडके आणि पांढरे पाणी गुरांच्या चाऱ्यापासून आणि पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात पुरावे.

पाइप बसवताना

कनेक्टरचा जाड रबरी वायसर त्याच्या कॉलरच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आतून, बसवावा. नट बाहेरून यावा. नट हाताने घट्ट करावा आणि मग फार तर पाव फेरा. पाना लावून आवळणाऱ्या प्लंबरला नम्रपणे थांबवावे. लोखंडी टाकीवर त्याचा हात बसलेला असतो, आणि काच ती जबरदस्ती सोसत नाही. बाहेरच्या पाइपचे वजन कनेक्टरवर लोंबकळत ठेवू नये, भिंतीला क्लँप मारून त्याला आधार द्यावा. सिलिकॉन लावायचे झाले तर बुरशीनाशक नसलेले, माशांच्या टाकीसाठीचे घ्यावे आणि निदान एक दिवस सुकू द्यावे.

यानंतर टाकी बाहेर ओट्यावर पाण्याने भरून दोन दिवस तशीच ठेवावी. खाली कोरडा कागद पसरावा, म्हणजे एक थेंब गळला तरी कळेल. ही परीक्षा उतरल्यावरच मासे सोडावेत.

नव्या पाण्याची काळजी

जुने पाणी काढणे सोपे झाले की नवे पाणी भरण्याची घाई होते आणि तेथे दुसरा घात होतो. नळपाणी योजनेच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. माणसासाठी ती आवश्यकच आहे. पण त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. म्हणून नळाची तोटी थेट टाकीला जोडू नये. नवे पाणी उघड्या पिंपात निदान २४ तास ठेवून मग वापरावे. पिंप टाक्यांपेक्षा उंचावर ठेवले तर तेथूनही पाणी नळीने आपसूक उतरते आणि भरायच्या ३६ बादल्याही वाचतात. पिंपात आणि टाकीत पाण्याची ऊब सारखी असावी. थंडीच्या दिवसांत हे विशेष पाहावे.

हा धंदा नव्याने करू पाहणाऱ्यांनी आधी प्रशिक्षण घ्यावे. रत्नागिरीला १९८१ साली सुरू झालेले मत्स्य महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय असते. प्रशिक्षण कधी आहे आणि सध्या कोणत्या योजनेचे अर्ज चालू आहेत, ते तेथे जाऊन विचारावे. ऐकीव माहितीवर टाक्या विकत घेऊ नयेत.

थोडक्यात सांगायचे तर टाक्या थोड्या असतील तर नळी पुरे. टफन काचेला हात लावायचा नाही. नवी टाकी करत असाल तर भोक काचवाल्याकडूनच आधी पाडून घ्या. स्वतः पाडाल तर पाणी भरपूर, हात हलका आणि वेळ हवा तितका. आणि भोकाची जागा अशी निवडा की घरातले माणूस दमून झोपले, पाइप निखळला, तरी सकाळी मासे पोहताना दिसावेत. घरातल्या बाईच्या कमरेवरचा भार उतरावा म्हणून हे सारे करायचे आहे. तेव्हा भोक कोठे आणि किती उंचीवर हवे, हे ठरवताना पाणी वाहणाऱ्या त्या माउलीलाही विचारा. टाकीत रोज हात घालणारी तीच असते.

पुढील खेपेस पिल्लांसाठी घरच्या घरी खाद्य कसे तयार करावे, ते पाहू.